हुणशेवाडी गाव ओसाड नसल्याबाबत

प्रति,
मा. श्री. त्रिविक्रमराव,
विशेष अधिकारी,
परदेशी भांडवल व जिल्हावार कारखाने कक्ष,
बेंगळूर.

अर्जदार : आप्पाजी पिराजी कोलेकर, उपसंपादक (जिल्हा वार्ता), मूळ राहणार हुणशेवाडी, जिल्हा बेळगाव, हल्ली मुक्काम बळेपेठ, बेंगळूर.

विषय : सुयांच्या कारखान्याच्या जागेसंबंधी आपल्या दप्तरी हुणशेवाडी गावाविषयी असलेला शेरा दुरुस्त करून मिळणेबाबत, तसेच ग्रामपंचायतीस पाठवावयाच्या उत्तराबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे याच विषयावरील इंग्रजी व कन्नड अर्ज, आणि आपल्या कार्यालयात झालेले तोंडी बोलणे.

महोदय,

१. या विषयावर अर्जदाराने यापूर्वी दोन अर्ज केले. दोन्हींना 'नोंद घेतली' एवढेच उत्तर आले. गेल्या आठवड्यात तो स्वतः कार्यालयात आला, तेव्हा आपण त्यास खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि म्हणालात, "अण्णा, तुमचे दोनी अर्ज मी वाचलो. इंग्रजी फार चांगली आहे. पण काय झालं ते त्यात कुठंच नाही की. स्वल्प घरच्यासारखं लिवा. मराठीत लिवा, मी वाचतो." आपले घराणे कित्येक पिढ्या बेंगळुरात असून घरात अजून मराठी चालते, हे अर्जदारास तेव्हा कळले. त्या आज्ञेवरून हा तिसरा अर्ज सादर आहे. बातमी लिहिताना घडलेले आधी आणि कारण मागाहून लिहावयाचे, अशी अर्जदारास सवय आहे. येथेही तोच क्रम ठेवला आहे.

२. हुणशेवाडी हे ज्वारी आणि मिरची पिकवणारे लहान गाव आहे. मोठ्या रस्त्यावरून आत वळले की गाडीवाट लागते, मग माळ, मग एक वळण. त्या वळणावर आले की चिंचांच्या पलीकडे सगळी घरे एकदम दिसतात. या वळणाचा उल्लेख पुढे पुन्हा येईल. गावात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. कर्ती माणसे पोटासाठी बाहेर राहतात आणि यात्रेला परत येतात. सन १९६२ च्या अखेरीस आपल्या कक्षाने जाहीर केले की, परदेशी कंपन्यांनी सगळे कारखाने बेंगळूरच्या आसपास न घालता जिल्ह्यांतही घालावेत, म्हणून त्यांना गावोगावच्या जागा दाखवण्यात येतील. सरपंच संताजी यांनी ते वर्तमानपत्रात वाचून अर्ज केला आणि गायरानाची जमीन कारखान्यास देण्याचा ठराव केला. शिवणयंत्राच्या सुया करणारी पश्चिम जर्मनीतील एक कंपनी जागा पाहण्यास तयार असल्याचे आपल्याकडून कळले. विहिरीवर त्याची पुष्कळ थट्टा झाली. "सुयाच करायच्यात तर एवढं गायरान कशाला, सुपात मावतात की," असे बायका म्हणाल्या. थट्टा करणाऱ्यांनीच नंतर गायरानातले दगड वेचून बांधाला लावले.

३. पाहणीसाठी १९६३ च्या फेब्रुवारीतील एक बुधवार ठरला. काम करू शकणारे मजूर आणि गावचा कोणी कुशल कारागीर असल्यास तो प्रत्यक्ष हजर ठेवावा, असे आपल्या पत्रात होते. असा कारागीर एकच होता, तो अर्जदाराचा धाकटा भाऊ बसवंत. तो बेंगळुरात एका कारखान्यात लेथवर होता, कायम झाला होता. पत्र वाचल्यावर त्याने राजीनामा दिला. अर्जदाराने त्यास विचारले, रजा काढायची, राजीनामा कशाला. तो म्हणाला, "रजेवर आलेला माणूस गावचा म्हणून कसा दाखवायचा, अण्णा? साहेबानं विचारलं, कुठं राहतोस, तर काय सांगू?"

४. दोघा भावांची आई गंगव्वा गावी एकटी राहते. अर्जदाराचे वडील गेल्यापासून दोन्ही मुलगे बेंगळुरातच आहेत. अर्जदाराने तिला बळेपेठेत आणून पाहिले. तेथे ती महिनाभर राहिली, रोज पहाटे उठून गॅलरीत बसे, आणि शेवटी म्हणाली, मला पोचव. तिचे मागणे एकच असते आणि ते ती एकाच वाक्यात मागते. "एक तरी पोरगं उंबऱ्याच्या आत झोपू दे." बसवंत ट्रंक घेऊन आला त्या दिवशी तिने माजघराची भिंत सारवून वर चुन्याचा हात दिला. त्या चुन्याचे डाग तिच्या लुगड्यावर पुष्कळ दिवस होते. कारखाना आला असता तर बसवंत तेथे लागला असता, रात्री घरी आला असता. अर्जदाराची या प्रकरणात दुसरी कोणतीही गुंतवणूक नव्हती.

५. आता जे इंग्रजी अर्जात लिहिले नव्हते ते लिहितो. हुणशेवाडीत वर्षातून एकदा, माघ महिन्यातील एका मंगळवारी, गाव वार पाळते. पहाटे सगळ्या चुली विझवतात. माणसे, जनावरे, कोंबड्यासुद्धा गावाबाहेर नेतात. दारे ओढून घेतात आणि शिवेवर राखेची रेघ ओढून तेथे आणि दारोदार कडुनिंबाचे डहाळे बांधतात. दिवसभर गावात देवीने एकटीने फिरावे आणि काही वाईटसाईट असेल ते घेऊन जावे, अशी समजूत आहे. लोक ओढ्याकाठच्या झाडीत रांधतात, खातात. दिवेलागणीला झाडीतल्या एकाच चुलीचा विस्तव मडक्यातून गावात आणतात आणि त्याच्यावर घरोघरची चूल पेटते. तोवर शिवेच्या आत पाऊल घालायचे नाही. बाहेरचा निरोप घ्यायचा नाही, आपला द्यायचाही नाही. यातले काही मोडले तर मागितलेले मिळत नाही, असे मानतात. एखादे मोठे काम गावापुढे असेल तर त्या कामासाठी म्हणून वार पाळतात. त्या वर्षी तसे काम होते. गावात वाराचे सगळे गंगव्वा सांगते, तिच्या सासूकडून तिच्याकडे ते आले आहे. तिने सांगितले, पाहुणे बुधवारी येणार, तर आपण मंगळवारी बाहेर पडू, म्हणजे गाव स्वच्छ होऊन पाहुण्यांपुढे येईल. संताजींना ते पटले. बसवंतालाही पटले. बेंगळुरात बसून अर्जदारालाही ते बरेच वाटले.

६. पाहुण्यांना मुंबईहून परतीचे विमान एक दिवस आधी मिळत होते, म्हणून पाहणी मंगळवारवर आणण्यात आली. आपल्या कक्षाने सोमवारीच तालुक्याला तार केली आणि तार तालुक्याने मंगळवारी सकाळी शिपाई खंडोजीबरोबर सायकलवर पाठवली. यात कोणाकडून हयगय झाली असे अर्जदार म्हणत नाही. खंडोजी शेजारच्या गावचा. तेथेही हाच वार पाळतात. शिवेवर राख आणि डहाळे दिसताच तो सायकलवरून उतरला, सायकल बाभळीला टेकवली, तार टोपीत ठेवली आणि झाडाखाली बसला. तार बंद होती, वर इंग्रजीत होते, त्याला ते वाचता येत नव्हते. दिवेलागणीला आत जाऊन द्यायची, असे त्याने ठरवले. आपण अगदी बरोबर वागत आहोत, यात त्याला शंका नव्हती.

७. दुपारी दोन मोटारी वळणावर आल्या. झाडीतून माळ स्वच्छ दिसतो. पोरांनी आधी धुरळा पाहिला. "मोटारी येवालेत, मोटारी येवालेत," म्हणून ती उठली. संताजी उठून उभे राहिले. कोणी म्हणाले तालुक्याचे साहेब असतील, कोणी म्हणाले मतदानाचे. बसवंताने मात्र ओळखले. तो म्हणाला, "अव्वा, गोरी माणसं आहेत. तेच आहेत. मी जातो." गंगव्वाने त्याचा हात धरला. ती म्हणाली, "पाहुणे उद्या यायचेत. हे कोण आहेत ते आपल्याला ठाऊक नाही. शीव ओलांडलीस तर उद्याचं काम आजच मोडशील." बसवंत म्हणाला, "आणि आजच मोडलं तर?" त्यावर ती म्हणाली, "बस खाली. तुझ्यासाठीच चाललंय सगळं." तो बसला. हे सगळे बसवंताने अर्जदारास पुढे अनेकदा सांगितले आहे. प्रत्येक वेळी हीच वाक्ये याच क्रमाने सांगितली आहेत, म्हणून अर्जदार ती खरी धरतो.

८. मोटारी राखेच्या रेघेवरून आत गेल्या. खंडोजी उठून उभा राहिला आणि त्याने टोपी नीट केली. सोबतच्या अधिकाऱ्यांनी काच खाली करून त्याला काहीतरी विचारले. त्याने हात जोडले आणि तोंड उघडले नाही. पाहुण्यांनी गावात काय पाहिले असेल ते अर्जदार मनाशी अनेकदा उभे करून पाहतो. बंद दारे. एकाही घरावर धूर नाही. कोंबडे नाही, कुत्रे नाही. दारादारावर कडुनिंब. सारवलेली अंगणे, आणि त्यांवर एका पावलाचाही ठसा नाही. मोटारी चावडीपाशी थोड्या थांबल्या. कोणी उतरले नाही. मग त्या वळून गेल्या. झाडीतल्या लोकांना त्या जाताना दिसल्या, वळणापाशी दिसेनाशा झाल्या. दिवेलागणीला विस्तव गावात आला, चुली पेटल्या, आणि मग खंडोजीने टोपीतली तार काढून दिली. बुधवारी सगळे गाव धुतलेले कपडे घालून चावडीपाशी उभे राहिले. बायका उन्हात उभ्या होत्या. बसवंताने लेथवरच्या कामाचे तीन नमुने रुमालात बांधून आणले होते. ऊन कलेपर्यंत कोणी घरी गेले नाही. खंडोजीची तार सर्वांनी ऐकली होती. तरीही उभे राहिले.

९. त्या आठवड्यात आपल्या कक्षाचे पत्रक वृत्तपत्रांना आले. पाहिलेल्या जागांपैकी एक पसंत, चार नापसंत, असा मजकूर होता. जिल्हा वार्ता अर्जदाराच्या टेबलावर येतात. पान छपाईला सुटायला थोडाच वेळ होता. हुणशेवाडीचे नाव पत्रकात चुकीचे पडले होते. अर्जदाराने ते दुरुस्त केले, मथळा दिला, मजकूर ओळींत बसत नव्हता म्हणून एक वाक्य काढले आणि पान सोडले. पुढची बातमी एका तालुक्याच्या नव्या पुलाची होती. तीही त्याने केली. पान गेल्यावर प्राणेश नावाचे त्याचे सहकारी चहाला चला म्हणाले. तो गेला नाही.

१०. आपल्या दप्तरातील शेरा आपण गेल्या आठवड्यात कार्यालयात शब्दशः वाचून दाखवलात. "गाव ओसाड आहे. साथीच्या रोगामुळे रहिवाशांनी स्थलांतर केले असावे. मजूर मिळण्याचा संभव दिसत नाही." पाहणाऱ्यास जे दिसले तेच त्याने लिहिले, हे अर्जदारास मान्य आहे. त्याच्या हाताखालच्या वार्ताहराने असे लिहून पाठवले असते तर त्यानेही छापले असते. कारखाना आता दुसऱ्या जिल्ह्यात उभा राहत आहे आणि तो हुणशेवाडीस आणावा अशी मागणी हा अर्ज करीत नाही. परंतु पुढे कोणत्याही देशाची कोणतीही कंपनी आली तरी आपल्या कक्षातील माणूस आधी हेच दप्तर उघडणार, हा शेरा वाचणार आणि पान उलटणार. या एका वर्षात गावातील काही घरांना खरोखरच कुलपे लागली आहेत. कारखाना येणार म्हणून जे थांबले होते ते गेले. बसवंतास जुन्या जागी परत घेतले नाही. तो सध्या जयनगरात नव्या घरांच्या कामावर लोखंडाच्या सळया वाकवतो आणि रात्री बळेपेठेत अर्जदाराच्या खोलीत झोपतो. शेरा लिहिला तेव्हा खोटा होता. तो तसाच राहिला तर खरा ठरेल. म्हणून दुरुस्तीची घाई आहे.

११. दुसरी विनंती अधिक अवघड आहे. जागा का नाकारली याचे लेखी कारण ग्रामपंचायतीने मागितले असून, ते पाठवावयाचे आहे असे आपण म्हणालात. सरकारी पत्र आले की हुणशेवाडीत ते चावडीवर मोठ्याने वाचतात. गंगव्वा पुढे बसून ऐकते. पाहुणे मंगळवारी येऊन गेले हे तिला त्याच रात्री कळले, पण वार पाळल्यामुळे कारखाना गेला हे तिला कोणी सांगितलेले नाही. गावाने न ठरवता ते ठरवले आहे. पाहुण्यांना जागा लहान वाटली असेल, असे संताजी तिला म्हणाले आणि तिने मान हलवली. आपल्या पत्रात गाव ओसाड दिसले असे आले तर ती समजेल. ज्या पोरासाठी तिने वार धरला त्यालाच तिने हात धरून खाली बसवले, हे तिला चावडीवर सगळ्यांपुढे समजेल. तरी अर्जदाराची विनंती आहे की उत्तरात दुसरे कोणतेही कारण द्यावे. पाणी कमी, रस्ता अरुंद, वीज नाही, माती भुसभुशीत, यांपैकी काहीही चालेल. पाणी कमी हे बरे पडेल, कारण त्यात कोणाचा दोष राहत नाही. अर्जदाराने नोकरीच्या इतक्या वर्षांत खात्री न केलेला मजकूर जाणूनबुजून छपाईला सोडलेला नाही. एका सरकारी कार्यालयाने खोटे कारण लिहावे अशी मागणी आपण करीत आहोत याची त्यास पूर्ण जाणीव आहे. मागणी करण्यापूर्वी त्याने ती पुन्हा वाचून पाहिली आहे.

१२. येथपर्यंतचा मजकूर शनिवारी लिहून झाला होता. रविवारी बसवंत गावाहून परतला. माघातील यंदाच्या वारासाठी तो गेला होता. त्याने जे सांगितले त्यामुळे परिच्छेद ११ मधील विनंतीचे कारण उरलेले नाही. खाडाखोड केलेला अर्ज आपल्याकडे घेत नाहीत आणि सगळे पुन्हा लिहिण्याचे बळ अर्जदारास नाही, म्हणून तो परिच्छेद तसाच ठेवून पुढचे लिहितो.

वाराच्या आदल्या दिवशी खंडोजी गंगव्वाकडे आला. तो आता निवृत्त झाला आहे. तो ओसरीवर बसला. मग म्हणाला, "अव्वा, तार माझ्या टोपीत होती. मी वळसा घालून झाडीत आलो असतो तर कारखाना गेला नसता." बसवंत आत होता. त्याला वाटले, आता धावत जाऊन त्याचे तोंड धरावे. गंगव्वाने खंडोजीला पाणी दिले. ती म्हणाली, "तू शीव ओलांडली नाहीस, ते बरोबर केलंस. पाणी पी." बसवंताकडे तिने पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाव बाहेर पडले. ती निघाली नाही. बायका बोलवायला आल्या तेव्हा ती चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. वार तुम्ही पाळा. मी आता पाळायची नाही." राखेची रेघ तिच्याविना ओढली गेली. सगळे गाव ओढ्याकाठी बसले होते आणि गावातल्या एका घरावरून धूर निघत होता. दिवसभर निघत होता. तिने ओली लाकडे घातली होती, म्हणजे धूर दाट यावा. झाडीतून सगळ्यांना तो दिसत होता. कोणी रागावले नाही, कोणी थांबवायला गेले नाही. दिवेलागणीला मडक्यातला विस्तव घरोघर फिरला. तिच्या दारात आला तेव्हा ती म्हणाली, माझी पेटलेली आहे.

तेव्हापासून ती रोज दुपारी, मोटारी आल्या होत्या त्या सुमारास, चूल पेटवते. शिजवायला काही असो नसो. बसवंताने विचारले, कशाला डोळे जाळून घेतेस. ती म्हणाली, "कोण येईल जाईल त्याला दिसू दे, हितं माणूस आहे म्हणून."

१३. सबब, परिच्छेद ११ मधील विनंती अर्जदार मागे घेत आहे. ग्रामपंचायतीस जे खरे आहे ते कळवावे. ते तिला कळलेले आहे.

परिच्छेद १० मधील विनंती मात्र कायम आहे. शेरा अर्जदाराच्या शब्दावरून बदलावा असे त्याचे म्हणणे नाही, तो या प्रकरणात घरचा माणूस आहे. आपण किंवा आपल्या कक्षातील कोणीही, कोणत्याही दिवशी, कोणत्याही कामासाठी त्या बाजूस जात असाल, तर दुपारी मोठ्या रस्त्यावरून आत वळावे. आगाऊ तारीख कळवण्याची, तार करण्याची आवश्यकता नाही. गावात कोणास हजर ठेवण्यात येणार नाही. मोटारीतून उतरण्याचीही गरज नाही. वळणावर क्षणभर थांबावे आणि चिंचांच्या पलीकडे धूर दिसतो का तेवढे पाहून परत फिरावे. जे दिसेल ते दप्तरात लिहावे. धूर दिसला नाही, तर जुना शेरा तसाच ठेवण्यास अर्जदाराची हरकत नाही. मग तो बदलण्यासारखे तेथे काही राहिलेले नसेल.

या कामी शक्यतो लवकर जावे, एवढीच विनंती आहे. आईचे वय झाले आहे.

आपल्या सवडीची वाट पाहणारा, नम्र,

आप्पाजी पिराजी कोलेकर
बळेपेठ, बेंगळूर
२४ फेब्रुवारी १९६४

सोबत : हुणशेवाडीस जाण्याच्या रस्त्याचा हाताने काढलेला नकाशा, एक. वळणाची खूण केलेली आहे.